आगोश्तिन्यो ते आल्मेदा: पोर्तुगीज सायकलपटूंविषयी बोलूया

सह्यकडा

2025च्या व्हुएल्टामध्ये, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत, आंग्लिरूच्या चढावर जुआंव आल्मेदा पुढे आणि डेन्मार्कचा योनास व्हिंगेगोर त्याच्या मागच्या चाकाला चिकटलेला, असे कित्येक किलोमीटर चालले होते. आल्मेदाने एकदाही झटका दिला नाही, एकाच लयीत पेडल मारत राहिला. माथ्यावर सगळ्यांना वाटलं की आता व्हिंगेगोर बाजूने निघून जाणार. तो नाही गेला. आल्मेदा जिंकला. त्यानंतर सायकलिंगच्या गप्पांत "हा पोर्तुगीज कुठून आला एकदम?" हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला.

एकदम नाही आला. त्याच्यामागे मोठी परंपरा आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत काही लिहिलेलं मला सापडत नाही, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, पटलं नाही तर भांडा. पोर्तुगालने जागतिक दर्जाचे सायकलपटू दिले, पण त्यातले बहुतेक आयुष्यभर दुसऱ्या कुणाच्या विजयासाठी राबले. ताकद कमी होती म्हणून नव्हे. स्वतःच्या देशाचा मोठा, पैसेवाला संघ नाही, त्यामुळे फ्रेंच, स्पॅनिश, अमेरिकन किंवा अमिरातीच्या संघात जायचं आणि तिथल्या कप्तानासाठी वारा अंगावर घ्यायचा. आजपर्यंत एकाही पोर्तुगीजाने टूर (फ्रान्सची), जिरो (इटलीची) किंवा व्हुएल्टा जिंकलेली नाही. जवळ मात्र फार वेळा गेले.

सुरुवात अर्थात जोआकिम आगोश्तिन्योपासून.

जन्म 1943, लिस्बनच्या उत्तरेला तोर्रेश व्हेद्राशजवळच्या खेड्यात, शेतकरी घरात. तरुणपणी सक्तीच्या लष्करी सेवेत मोझांबिकला गेला. तिथे पोर्तुगालचं वसाहतीचं युद्ध चालू होतं. तिथे जड लष्करी सायकलवरून निरोप पोहोचवायचं काम त्याच्याकडे होतं आणि इतरांच्या निम्म्याहून कमी वेळात तो परत यायचा, अशी गोष्ट सांगतात. शर्यतीत उतरला तेव्हा पंचविशी गाठली होती. आजची मुलं त्या वयात पाच-सहा हंगाम व्यावसायिक म्हणून खेळून झालेली असतात.

1968 साली ब्राझीलमधल्या शर्यतीत त्याला फ्रेंच संघचालक जाँ द ग्रिबाल्दीने पाहिलं आणि फ्रान्सला नेलं. 1969ची टूर ही बेल्जियमच्या दिग्गज एडी मर्क्सची पहिली टूर, आणि आगोश्तिन्योचीही. नवखा माणूस दोन टप्पे (म्हणजे एकेका दिवसाच्या शर्यती) जिंकला आणि एकूण आठवा आला. पुढे 1978 आणि 1979, दोन्ही वर्षी टूरमध्ये तिसरा. 1979 साली आल्प्समधल्या आल्प द्युएझच्या चढणीचा टप्पा जिंकला तेव्हा वय 36. त्या चढणीच्या एका वळणावर आज त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे.

उशिरा सुरुवात केल्याचा तोटाही होता. घोळक्यात सायकल सांभाळणं, उतारावर वळणं घेणं या गोष्टी मुलं खेळता खेळता शिकतात. त्याला त्या कधीच नीट जमल्या नाहीत. फार पडायचा. पण बैलासारखी ताकद. सपाटीवर एकटा सुटला की मागच्यांची दमछाक व्हायची.

1973ची टूर त्याचा बिक संघाचा सहकारी लुईस ओकान्या जिंकला, म्हणजे तिथे आगोश्तिन्यो राबणाऱ्यांतच होता. आणि 1974ची व्हुएल्टा... तिच्यावर वेगळं लिहितो. तोवर तुम्ही बोला.

रानवारा

वा! वाचतेय. टूरचं नाव ऐकून आहे, पण हे "राबणं" म्हणजे नक्की काय? सायकल तर ज्याची त्यानेच चालवायची ना?

पेडलवेडा

@रानवारा, पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवलं की वारा तो कापतो, मागच्याची बरीच ताकद वाचते. म्हणून संघातले सात जण आळीपाळीने पुढे राहतात आणि कप्तान मागे ताजातवाना राहतो. शेवटच्या घाटात तो सुटतो. बाटल्या आणणं, कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर आपलं देणं, हेही त्यांचंच काम. या मंडळींना डोमेस्टिक म्हणतात. त्यांची नावं निकालात साठाव्या-सत्तराव्या नंबरवर असतात.

सह्यकडा, मत पटलं, पण एक भर. पोर्तुगालमध्ये सायकलिंग फुटबॉल क्लबांच्या आधाराने वाढलं हे सांगायला हवं. व्होल्ता म्हणजे पोर्तुगालची प्रदक्षिणा 1927 साली सुरू झाली. 1930च्या दशकात बेन्फिकाचा जुझे मारिया निकोलाऊ आणि स्पोर्टिंगचा आल्फ्रेदो त्रिंदाद यांच्यात अशी चुरस होती की देश दोन तटांत वाटला गेला. 1931 निकोलाऊ, 32 आणि 33 त्रिंदाद, 34 पुन्हा निकोलाऊ. आगोश्तिन्यो स्वतः स्पोर्टिंगचा. घरच्या शर्यतीत एवढी प्रतिष्ठा असेल तर फ्रान्सला जाऊन अनोळखी माणसासाठी बाटल्या कोण वाहील? म्हणून बरेच चांगले लोक घरीच राहिले. मार्को शागाश चार वेळा व्होल्ता जिंकला, त्याचं नाव तिथे घरोघरी माहीत आहे. बाहेर कुणाला विचारा.

मांडवीकाठ

मस्त धागा! गोव्यात आमच्याकडे बेन्फिका-स्पोर्टिंगवरून अजूनही वाद घालणारी जुनी माणसं आहेत. पण त्या क्लबांचे सायकल संघ होते हे मला आज कळलं.

1974 म्हणजे लिस्बनची क्रांती. व्हुएल्टाही त्याच सुमारास असते ना?

सह्यकडा

@मांडवीकाठ, बरोबर तिथेच आलात. तेव्हा व्हुएल्टा वसंतात व्हायची. 1974ची शर्यत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाली आणि 12 मे रोजी सान सेबास्तियानला संपली. म्हणजे 25 एप्रिलला लिस्बनमध्ये सैनिकांनी हुकूमशाही उलथून टाकली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली, तेव्हा देशातला सगळ्यात लाडका खेळाडू शेजारच्या स्पेनमध्ये सायकल हाणत होता. तिथे अजून फ्रँको सत्तेवर. आणि ही क्रांती ज्या सैनिकांनी केली ते आफ्रिकेतल्या युद्धाला कंटाळलेले होते, त्याच युद्धाला ज्यात आगोश्तिन्यो जाऊन आला होता.

शर्यतीत आघाडीवर होता स्पेनचा होसे मानुएल फुएन्ते, घाटातला बादशहा. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी लढायची टाइम ट्रायल. हा आगोश्तिन्योचा प्रांत. तो सुटला तो सुटलाच, फुएन्तेची आघाडी मिनिटामिनिटाने वितळत गेली. सगळं संपलं तेव्हा फरक उरला 11 सेकंदांचा. सुमारे तीन आठवड्यांच्या शर्यतीत 11 सेकंद. दुसरा आला.

एवढ्या फरकात काय काय बसतं याचा विचार करा. एका वळणावर जरा जास्त दाबलेला ब्रेक. एखाद्या सहकाऱ्यासाठी एकदा थांबणं.

मांडवीकाठ

गोवा भारताचा भाग आहे हे पोर्तुगालने अधिकृतपणे मान्य केलं तेही या क्रांतीनंतरच, 1974 च्या डिसेंबरमध्ये करार झाला. माझ्या आधीच्या पिढीला ते वर्ष त्यासाठी लक्षात आहे. आता मला या 11 सेकंदांसाठीही राहील.

कोरा_कागद

सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. आगोश्तिन्योचे 1969 आणि 1973चे व्होल्ताचे विजय डोपिंगमुळे काढून घेतले गेले. 1977च्या टूरमधला एक टप्पाही. आणि हे जुनं झालं म्हणावं तर 2022 साली डब्ल्यू52-पोर्तू या देशातल्या सगळ्यात बलाढ्य संघावर पोलिसांची कारवाई झाली, व्होल्ताच्या तोंडावर परवाना गेला, अनेकांवर बंदी आली. त्याआधीची कित्येक वर्षं तोच संघ व्होल्ता जिंकत होता. परंपरेबद्दल बोलायचं तर हेही परंपरेतलंच.

सह्यकडा

@कोरा_कागद, मान्य, आणि हे लपवायचं कारण नाही. 1970च्या दशकात त्या पिढीतले अनेक मोठे खेळाडू चाचणीत सापडले. 1979च्या टूरमध्ये आगोश्तिन्योच्या पुढे दुसरा आलेला डच खेळाडू झूटेमेल्कही सापडला, त्याला 10 मिनिटांचा दंड झाला आणि तरीही तो दुसराच राहिला. त्या काळची शिक्षा अशी असायची. म्हणून आगोश्तिन्यो सुटतो असं मी म्हणणार नाही. व्होल्ताचे 1970, 71, 72 हे तीन विजय आज त्याच्या नावावर आहेत, तेवढेच धरावेत.

2022चं प्रकरण मला जास्त लागतं. कारण त्यात नुकसान झालं ते घरी राहून प्रामाणिकपणे खेळणाऱ्या पोरांचं. वर्षानुवर्षं हरत राहिले आणि कशामुळे हरतोय ते त्यांना सिद्ध करता येत नव्हतं.

रानवारा

आगोश्तिन्योचं पुढे काय झालं? तो शर्यतीतच गेला असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय.

पेडलवेडा

हो. हे मी लिहितो.

1983ची टूर त्याने चाळिशीत पूर्ण केली, अकरावा आला. पुढच्या वर्षी तो पुन्हा स्पोर्टिंगच्या संघात, घरच्या रस्त्यांवर. 30 एप्रिल 1984, आल्गार्वची शर्यत, क्वार्तेइरा गाव. अंगात आघाडीवीराची पिवळी जर्सी. अंतिम रेषा दिसायला लागली होती, जेमतेम काही शे मीटर उरलेले, आणि रस्त्यात कुत्रा आला. आगोश्तिन्यो डोक्यावर आपटला. हेल्मेट नव्हतं, तेव्हा कुणीच घालत नसे. तो उठला. सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी धरलं आणि तशा अवस्थेत त्याने रेषा पार केली. बर्फ लावला, हॉटेलवर गेला. मग डोकेदुखी वाढत गेली. कवटीला तडा गेला होता. आल्गार्वमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती, म्हणून रुग्णवाहिकेतून लिस्बनपर्यंतचा लांबचा प्रवास. शुद्धीवर आला नाही. 10 मे रोजी गेला. वय 41.

हेल्मेटची सक्ती जागतिक संघटनेने केली ती 2003 साली, कझाकस्तानचा किव्हिलेव्ह पॅरिस-नीस शर्यतीत असाच पडून गेल्यावर. मधली एकोणीस वर्षं बघा. इथे ग्रुप राइडला "घाटात गरम होतं" म्हणून हेल्मेट हँडलला लटकवणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो.

आणखी एक. त्याच वर्षी जुलैमध्ये स्पोर्टिंगचा संघ त्याच्याशिवाय टूरला गेला. पाचव्या टप्प्यात तिघे जण सुटले, घोळका पंधरा मिनिटांहून मागे राहिला, आणि सेर्जी-पाँत्वाझला स्प्रिंटमध्ये जिंकला तो पाउलो फेरेइरा. स्पोर्टिंगच्या जर्सीत.

रानवारा

हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

अनघा_लक्झेंबर्ग

आयडीवरून कळलंच असेल कुठे राहते ते. इथे पोर्तुगीज हा सर्वांत मोठा परदेशी समाज आहे. बांधकामापासून बेकरीपर्यंत सगळीकडे. त्यामुळे आकासियो द सिल्वाचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पूर्ण होऊ देणार नाही!

आकासियो उत्तर पोर्तुगालच्या डोंगराळ मोंतालेग्रेमधला, लहानपणीच आईवडिलांबरोबर लक्झेंबर्गला आला. 1989ची टूर इथूनच सुरू झाली. पहिल्याच टप्प्यात, लक्झेंबर्गच्या रस्त्यांवर, तो जिंकला आणि पिवळी जर्सी घातली. टूरची पिवळी जर्सी घालणारा पहिला पोर्तुगीज. आगोश्तिन्योला इतक्या वर्षांत ती एकदाही मिळाली नव्हती. चार दिवस त्याच्याकडे राहिली. त्याच वर्षी जिरोमध्ये एटना ज्वालामुखीवरचा टप्पा जिंकून त्याने तिथल्या आघाडीवीराची गुलाबी जर्सीही घातली होती.

माझ्या शेजारच्या कॅफेत त्या दिवशीचा फोटो आहे. मालक तेव्हा नुकताच गावाहून आलेला मजूर होता. दुपारी रस्त्याच्या कडेला उभा होता म्हणतो. "इथे आम्ही फक्त पाट्या वाहायला आलेलो नाही, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं," असं तो मला सांगतो तेव्हा आवाज चढतो त्याचा.

सह्यकडा

अनघाताई, फार मोलाचा प्रतिसाद. हे वर्तमानपत्रात मिळत नाही.

मधली पिढी थोडक्यात सांगतो. जुझे आझेव्हेदू 2002 साली टूरमध्ये सहावा, 2004 साली पाचवा. 2004 ला तो आर्मस्ट्राँगच्या संघात होता, म्हणजे दिवसभर दुसऱ्यासाठी घाट चढून पाचवा! (आर्मस्ट्राँगचे विजय पुढे रद्द झाले, तो विषय सगळ्यांना माहीत आहे.) सेर्जियो पाउलिन्यो 2004च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये इटलीच्या बेत्तिनीच्या मागे रौप्य, आणि 2010 साली टूरमध्ये गापचा टप्पा, बेलारूसच्या किरियेंकाला चाकाच्या रुंदीएवढ्या फरकाने हरवून.

आणि मग रुई कोश्ता.

पेडलवेडा

फ्लोरेन्स 2013! ती शर्यत मी कितीही वेळा बघू शकतो.

जागतिक अजिंक्यपद, 272 किलोमीटर, दिवसाचा बराच भाग मुसळधार पाऊस. शेवटच्या फेरीत चौघे उरले: स्पेनचे दोघे, रोद्रिगेझ आणि व्हाल्व्हेर्दे, इटलीचा निबाली आणि रुई कोश्ता. कागदावर स्पेनचं पारडं जड. रोद्रिगेझ एकटा सुटतो. आता व्हाल्व्हेर्देचं काम एकच, जो कोणी पाठलाग करेल त्याच्या चाकाला चिकटायचं. कोश्ता सुटतो आणि व्हाल्व्हेर्दे चिकटत नाही. कोश्ताने रोद्रिगेझला गाठलं, क्षणभर मागे बसून दम घेतला, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रोद्रिगेझ घाटातला माणूस, स्प्रिंट त्याचं काम नाही. शेवटच्या काही मीटरमध्ये कोश्ता बाजूने निघाला आणि जिंकला. पोर्तुगालचा पहिला जगज्जेता. रोद्रिगेझ पोडियमवर रडत होता.

कोश्ता आणि व्हाल्व्हेर्दे तेव्हा एकाच व्यावसायिक संघात होते, मूव्हीस्टारमध्ये. वर्षभर कोश्ता ज्याच्यासाठी राबला त्याच्याच समोरून त्याने जर्सी नेली. स्पेनमध्ये यावरून केवढा गदारोळ झाला होता. मला स्वतःला व्हाल्व्हेर्देने मुद्दाम सोडलं असं वाटत नाही. त्याचे पाय संपले होते.

कोरा_कागद

पाय संपले होते तरी निबालीला मागे टाकून तिसरा कसा आला? माझी शंका कायम आहे. पण कोश्ताचं श्रेय त्याने कमी होत नाही, हे मान्य. टूर ऑफ स्वित्झर्लंड सलग तीन वर्षं जिंकणारा तो पहिलाच, 2012, 13, 14. ते काही कुणी सोडलं म्हणून मिळत नाही.

मांडवीकाठ

आता आल्मेदा!

सह्यकडा

आल्मेदा काल्दाश दा राइन्याजवळचा, जन्म 1998. 2020च्या जिरोला त्याचा नंबर लागला तो त्याच्या संघाचा कप्तान रेम्को एव्हनपूल लोम्बार्दीच्या शर्यतीत पुलावरून खाली पडून जायबंदी झाला म्हणून. कोविडमुळे ती शर्यत ऑक्टोबरमध्ये झाली. तिसऱ्या दिवशी एटनावर (पुन्हा एटना!) तो आणि एक्वादोरचा काइसेदो यांची एकूण वेळ सेकंदापर्यंत सारखी झाली. पहिल्या दिवशीच्या टाइम ट्रायलचे सेकंदाचे तुकडे मोजून गुलाबी जर्सी आल्मेदाला दिली. ती त्याने 15 दिवस सांभाळली. स्टेल्व्हिओच्या घाटाने ती काढून घेतली आणि तो चौथा आला. त्याच जिरोत रुबेन गेरेइरो घाटांच्या वर्गवारीत पहिला आला. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत "घाटाचा राजा" असतो तसा, फक्त तीन आठवड्यांच्या घाटांचा.

2023च्या जिरोत तिसरा, मोंते बोंदोनेचा टप्पा जिंकून. जिरोच्या पोडियमवर पहिला पोर्तुगीज. 2024 साली पहिल्यांदा टूरला गेला, संघाचा कप्तान पोगाचार याच्यासाठी. गालिबिएच्या घाटात आठवतंय का? आल्मेदा पुढे राहून खेचतोय, संघातला आयुसो मागे रेंगाळतोय, आणि आल्मेदा हात हलवून त्याला "पुढे ये, तुझी पाळी" म्हणून सांगतोय. एवढं राबूनही चौथा आला. त्याच्यापुढे फक्त पोगाचार, व्हिंगेगोर आणि एव्हनपूल.

2025 साली बास्क, रोमांदी आणि स्वित्झर्लंड, तिन्ही शर्यती जिंकल्या. टूरमध्ये पडला, बरगडी मोडली, तरी पुढचा टप्पा रेटला आणि त्यानंतरच्या टप्प्यात शर्यत सोडावी लागली. मग व्हुएल्टामध्ये दुसरा, 1974च्या आगोश्तिन्योनंतर प्रथमच कुणी पोर्तुगीज तिथे पोडियमवर.

रानवारा

मग त्याने संघ बदलायला हवा ना? स्वतः कप्तान होईल अशा ठिकाणी जावं.

पेडलवेडा

मलाही तसंच वाटतं. त्या व्हुएल्टामध्ये त्याच्या संघातले लोक रोज आपापले टप्पे जिंकायला सुटत होते. सात टप्पे जिंकले संघाने. पण कठीण घाटांत आल्मेदा बऱ्याचदा एकटाच दिसायचा. फरक शेवटी सव्वा मिनिटाचा होता. दोन माणसं शेवटपर्यंत त्याच्यासोबत असती तर निकाल वेगळा लागला असता.

सह्यकडा

मी सहमत नाही. पोगाचारच्या शेजारी राहून तो वर्षागणिक सुधारलाय. शिवाय स्वतःच्या लयीत चढणाऱ्या माणसाला घाटात फार सोबत लागतच नाही. त्याला लागतो टाइम ट्रायलचा लांब टप्पा. त्या व्हुएल्टात निदर्शनांमुळे वायादोलिदची टाइम ट्रायल निम्म्याहून कमी, 12 किलोमीटरवर आणली. त्यात त्याने व्हिंगेगोरकडून 10 सेकंद काढले. पूर्ण अंतर मिळालं असतं तर अजून काढले असते. सव्वा मिनिट मात्र भरून निघालं नसतं, तेही खरं.

अनघा_लक्झेंबर्ग

रस्ता सोडून ट्रॅककडेही, म्हणजे गोल धावपट्टीवरच्या शर्यतींकडेही बघा की. पॅरिस 2024, मॅडिसन. ईउरी लेइतांव आणि रुई ओलिव्हेइरा, सुवर्ण! अ‍ॅथलेटिक्सबाहेर पोर्तुगालचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. दोनच दिवस आधी लेइतांवला ऑम्नियममध्ये (चार शर्यतींची मिळून एक स्पर्धा) रौप्य मिळालं होतं. आमच्या कॅफेत त्या रात्री कुणी बिल दिलं नाही, मालकाने घेतलंच नाही.

रानवारा

मॅडिसन म्हणजे?

पेडलवेडा

दोघांची जोडी, 200 फेऱ्या, 50 किलोमीटर. एक जण शर्यतीत, दुसरा वरच्या कडेने हळू फिरत दम घेतो. पाळी बदलताना शर्यतीतला जोडीदाराचा हात पकडतो आणि स्वतःचा वेग त्याच्यात झोकून त्याला पुढे फेकतो, ताशी पन्नासच्या वेगात, आजूबाजूला बाकीच्या जोड्या हेच करत असताना. दर दहा फेऱ्यांनी स्प्रिंट, त्याचे गुण. पोर्तुगीज जोडी अर्ध्या शर्यतीपर्यंत पदकाच्या आसपासही नव्हती. शेवटच्या टप्प्यात ते एकामागून एक स्प्रिंट घेत गेले, इटली आणि डेन्मार्कला उत्तरच सापडलं नाही. पूर्ण शर्यत बघायला वेळ नसेल तर शेवटच्या पन्नास फेऱ्या बघ, आणि बघताना नजर पेडलवर नको, हातांवर ठेव.

रानवारा

आज रात्री बघते. आणि फ्लोरेन्सही.

मांडवीकाठ

सह्यकडा, आंतोनियो मोर्गादूवर कधी लिहिणार? विशीतच टूर ऑफ फ्लँडर्समध्ये पाचवा आलाय, तोही आल्मेदाच्याच भागातला.

सह्यकडा

त्याच्यावर वेगळा धागा काढतो. फ्लँडर्सचे दगडी रस्ते समजावून सांगायलाच अर्धा लेख जाईल.